ओल्या तुळया

१

पाणीगेटच्या बाहेर आमचा कारखाना होता. तिथे रोज सकाळी मी सगळ्यात आधी एकच काम करायचो. दळणघराचं दार उघडायचं, शिडी लावायची आणि तुळईवरून बोट फिरवायचं. बोटाला पीठ लागलं की माझा तोंडाचा पट्टा जो सुरू व्हायचा तो एंजिनाचा पट्टा फिरायला लागेपर्यंत थांबायचा नाही. आमचे मुकादम श्रीपतराव म्हणायचे, "साहेबांच्या एंजिनाला बाफ लागत नाही. पीठ दिसलं की पुरे."

कारखाना चिंचोक्यांचा. चिंचोके भट्टीत भाजायचे, टरफलं काढायची, दळायचे, मोठ्या चाळणीतून चाळायचे, आणि ते पीठ कापडाच्या गिरण्यांना खळीसाठी द्यायचं. ऐकायला किती गरीब धंदा वाटतो. मलाही वाटला असता. पण कलाभवनातून यंत्रांचं काम शिकून बाहेर पडल्यावर पहिली नोकरी मी दुसऱ्या एका गावी, पिठाच्या गिरणीत केली होती, आणि तिथे एका दुपारी माझी डावी भुवई गेली. ती पुन्हा उगवली नाही. माझ्याबरोबर उभे असलेले दोघे गेले, तेही परत आले नाहीत.

लोकांना हे पटत नाही. पीठ कधी पेटतं का, म्हणून हसतात. पिठाच्या ढिगात काडी टाकली तर काडीच विझते, हे खरं. पण तेच पीठ हवेत उडालेलं असलं की खोलीतली सगळी हवाच एकदम पेटते. तो पहिला भडका लहान असतो. त्यातून माणूस वाचतोही, भुवई देऊन. पण त्या धक्क्यानं तुळयांवर, पत्र्याखाली, सांदीकोपऱ्यात साचलेलं सगळं पीठ खाली येतं. मग दुसरा भडका होतो आणि छप्पर राहत नाही.

म्हणून दळणघरात दिवा नाही, विडी नाही. संध्याकाळी उजेड लागला तर कंदील माझ्या कचेरीत ठेवायचा. मधल्या भिंतीत मी जाड काच बसवून घेतली होती, तिच्यातून पलीकडे जाईल तेवढाच उजेड. भाजलेले चिंचोके पुरते गार झाल्याशिवाय चक्कीत घालायचे नाहीत, कारण एखादा आतून धुमसत असतो. आणि कोरडा झाडू दळणघरात आणायचाच नाही. झाडूनं पीठ जात नाही, उडतं. ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं, फडकं बादलीत पिळायचं, पुन्हा पुसायचं. कंटाळवाणं काम. माणसं टाळायची आणि मी ओरडायचो.

त्या दिवशी मी शिडीवर चढलो, बोट फिरवलं. पीठ लागलं नाही. बोट ओलं झालं.

२

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. मी सांगितल्याशिवाय कोणी काम केलं की मला संशयच येतो.

"काल कोणी पुसलं?" मी विचारलं.

श्रीपतरावांनी वर पाहिलं आणि लगेच पट्ट्याकडे वळले. "पुसलंय ना, साहेब. चांगलंच झालं ने."

"कोणी पुसलं ते विचारतोय."

"जवा दो ने, साहेब, जाऊ द्या," ते म्हणाले. आमचे श्रीपतराव अडचणीत आले की गुजरातीत शिरायचे. "तुमच्या आधीपासून अधूनमधून होतं असं. आम्ही विचारत नाही."

माझं डोकंच फिरलं. कारखान्यात 'आम्ही विचारत नाही' असं काही असतं का? मी शिडी कचेरीत ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. दुसऱ्या दिवशी सगळ्या तुळया ओल्या. चाळणीच्या वरची ती आडवी तुळईसुद्धा, जिथे माझी शिडीही धड पोचत नसे.

मग मी शहाण्या माणसानं काढावीत ती सगळी कारणं काढली. पत्रा गळत असेल, पण आठवडाभर पाऊस नव्हता. दव पडत असेल, पण दव फक्त तुळईच्या माथ्यावर पडत नाही. शेवटी मी शिडीच्या टोकावर उभा राहून मान तिरपी केली. ओल्या फडक्याचे फराटे दिसत होते, वळणदार, हात लांबवून ओढलेले. खालून हात वर करून पुसलं तर फराटा तुळईच्या कडेशी सुरू होतो. हे वरून खाली आलेले होते.

तुळई आणि पत्रा यांच्यामध्ये माझा तळहात उभा मावत नव्हता.

३

दुपारी एंजिन थांबायचं. माणसं बाहेर निंबाखाली जेवायला बसायची. मी कचेरीत, काचेच्या भिंतीशी डबा उघडायचो. एंजिन थांबल्यावर कारखान्यात जी शांतता होते ती मला आवडायची.

त्या शांततेत मला पलीकडून आवाज आला. तो आवाज तुम्हालाही ठाऊक आहे, घराघरात रोज होतो. ओलं कापड पाण्यातून उचललं, पिळलं, पाणी बादलीत पडलं. आधी धार, मग थेंब. मग पुन्हा एकदा, उलट्या बाजूनं पीळ. मग पुसल्याचा लांब आवाज.

दळणघराला बाहेरून कडी होती. ती मीच लावली होती.

मी मनाला म्हटलं, विश्वासराव, शेजारच्या वाडीत कोणी धुणं धूत असेल. उठलो आणि काचेला डोळा लावला. आतून काचेवर पीठ बसलेलं, काही दिसेना. नुसता पांढुरका उजेड. मी हाताचा आडोसा करून निरखून पाहत होतो आणि तेवढ्यात काच पुसली गेली. आतून. वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत ओल्या फडक्याचा एकच फराटा माझ्या डोळ्यांसमोरून सरकला, आणि पाण्याचा ओघळ खाली आला.

पुसलेल्या पट्ट्यातून पलीकडचं दळणघर स्वच्छ दिसत होतं. चक्की, पोती, बादली. कोणी नव्हतं.

भाकरी तशीच राहिली. घरी गेल्यावर प्रेमलानं डबा उघडून माझ्याकडे पाहिलं. प्रेमला म्हणजे माझी बायको; तिच्यापुढे माझी तोंडाळकी चालत नसे. मी सगळं हसण्यावारी नेत सांगितलं. ती हसली नाही.

"दोन्ही बाजूंनी पिळलं?" तिनं विचारलं.

"हो."

"मग बाईमाणूस आहे. पुरुष एकदा पिळून टाकून देतात, पाणी तसंच राहतं." आणि डबा विसळायला निघून गेली. भीतीचं नाव नाही. तिला तेव्हा सातवा महिना होता. तिला कशाचीच भीती वाटत नव्हती, आणि मला मात्र ती जिना उतरली तरी धडकी भरायची. आधीचं एक मूल आमच्या हाती लागलं नव्हतं.

४

नवरात्राच्या तोंडाशी एका दुपारी जेवून माणसं परत आली. श्रीपतराव एंजिन चालू करणार, तेवढ्यात मला करपल्याचा वास आला. चक्कीच्या दांड्याचं टोकाचं बेअरिंग. हात जवळ नेला तर भाजत होतं. सकाळभर तेल न मिळाल्यानं तापून लाल व्हायच्या बेतात आलेलं, आणि त्याच्या खाली बोटभर पीठ.

त्या बेअरिंगभोवती ओलं फडकं गुंडाळलेलं होतं. वाफ निघत होती. बाळाच्या अंगाला गुंडाळावं इतकं नीट, कडा आत खोचून.

मी ते सोडलं नाही. तेल घातलं, गार होऊ दिलं. सगळी माणसं भोवती उभी होती. त्यांच्यादेखत बोलायची लाज वाटली, म्हणून मनातच म्हणालो, उपकार आहेत. आणि खरंच वाटलं तसं. भीती गेली नव्हती, पण भीतीच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं होतं.

५

आमचे मालक उदयसिंहराव. जुन्या शिलेदारांचं घराणं, मन मोठं, आणि आवाज त्याहून मोठा. कारखाना त्यांना कळत नसे पण मान त्याला घोड्याइतकाच देत. त्या वर्षी त्यांनी ठरवलं की खंडेनवमीची पूजा वाड्यात तलवारींची होते तशी कारखान्यात चक्कीचीही व्हायची. झेंडूची तोरणं, कोहळा, कापराची आरती. शिवाय त्यांच्या घरच्या बाई माहेरी गेलेल्या, म्हणून आरतीला सवाष्ण आमची प्रेमला.

"सरकार, पूजा अंगणात करू," मी म्हणालो.

"विश्वासराव, तुमचे आजोबा पागेत होते ना? शस्त्र जिथे उभं असतं तिथेच त्याची पूजा होते. घोड्याला काय देवघरात नेता?"

"घोडा पेटत नाही, सरकार."

ते हसले. मी हसलो नाही. माझ्या उजाड भुवईकडे बोट दाखवून मी त्यांना सगळं सांगितलं, आणि त्यांनी ते मन लावून ऐकलंही. शेवटी तोडगा निघाला. आदल्या दिवशी दळणघर कानाकोपऱ्यापर्यंत ओल्यानं पुसायचं, एंजिन बंद, भट्टी थंड, आणि आरती उंबऱ्याबाहेर उभं राहून ओवाळायची. मी म्हटलं, चालेल. उडालेलं पीठ नसेल तर कापूर काय करणार?

आदल्या दिवशी मी स्वतः पुसायला उभा राहिलो. दळणघर आरशासारखं झालं होतं. फक्त एक राहिलं. चाळणीचा मोठा रेशमी पडदा आणि रिकाम्या पोत्यांची थप्पी. त्यांना ओलं लावता येत नाही. ते न हलवता तसंच ठेवायचं, एवढं मी सगळ्यांना बजावलं.

सगळ्यांना म्हणजे आमच्या माणसांना.

६

खंडेनवमीच्या सकाळी मी भट्टीच्या छपराखाली होतो. राख हातानं चाळून पाहत होतो, कुठे निखारा राहिला आहे का म्हणून. अंगणात ताशा वाजत होता. श्रीपतराव मांडवीच्या बाजारात फुलं आणायला गेलेले.

उदयसिंहरावांच्या वाड्यावरचे गडी मात्र पहाटेच आले होते. मालकांच्या पूजेत मालकांच्या गड्यांचा हात नको का लागायला? सणाला घर झाडतात ना, वरची जळमटं काढतात, गाद्या-पोती झटकतात, तसंच त्यांनी आरतीच्या तोंडावर केलं. मोठ्या भक्तीनं केलं. बांबूला कुंचे बांधून आणले होते. पोती उंबऱ्याशी आपटली. रेशमी पडदा काठीनं झोडपला. आणि मग पांढरे होऊन, हसत, अंगणात येऊन उभे राहिले.

मी छपराखालून बाहेर आलो तेव्हा दळणघराच्या दारातून धूर येताना दिसला. क्षणभर धूरच वाटला. मग लक्षात आलं की त्याला वास नाही. ते पीठ होतं. दारभर, खोलीभर, अधांतरी.

प्रेमला पायऱ्या चढून उंबऱ्याशी पोचली होती. हातात ताट, ताटात कापूर पेटलेला. ताटावर नजर, सवयीनं जरा मागे रेललेली, आठव्याला लागलेल्या बायका चालतात तशी.

मी ओरडलो. ताशात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी धावलो. अंगण केवढंसं, पण मला ते आजही कधी कधी धावावं लागतं, झोपेत. मला इतकंच कळत होतं की मी पोचणार नाही.

आणि तेव्हा मी पाहिलं. किती पाहिलं ते सांगतो, त्याहून जास्त सांगत नाही. त्या पांढऱ्यातून एक हात खाली आला. समोरून नाही. दाराच्या चौकटीच्या वरून, तुळईच्या बाजूनं, खाली खाली. कोपर दिसेल असं मला वाटत राहिलं आणि कोपर आलंच नाही. हातात ओलं फडकं होतं. दुधावर झाकण ठेवावं तसं ते फडकं ताटावर ठेवलं गेलं. ज्योत गेली. मग तोच हात प्रेमलाच्या पोटाला टेकला, तिला एक पाऊल मागे सारलं, आणि दार आतून, आवाज न करता, लागलं.

मी पायऱ्यांवर पोचलो आणि प्रेमलाला धरलं. ताशा थांबला.

"कोण आहे आत?" उदयसिंहराव गरजले. "आरती विझवली कोणी? दार उघडा. दुसरा कापूर लावा."

मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. दोन्ही हात चौकटीला लावले. "सरकार, दार उघडणार नाही. आत पीठ उडालंय. तुमच्या गड्यांनी झाडू मारलाय."

"बाजूला व्हा, विश्वासराव."

"नोकरीवरून काढा. पण ते पीठ खाली बसेपर्यंत या दाराशी काडी ओढू देणार नाही. पेटली असती तर माझी बायको, तुम्ही, हे सगळे..."

त्यांनी गड्यांकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झालेले ते गडी, एकूण एक अंगणात होते. मग त्यांनी प्रेमलाच्या हातातल्या ताटाकडे पाहिलं. ताट पाण्यानं भरलं होतं आणि कापराची वडी त्यात तरंगत होती.

"मग आत कोण आहे?" त्यांनी विचारलं, या वेळी हळू.

माझ्या पाठीमागे, फळीच्या पलीकडे, कापड पिळलं जात होतं. आधी धार, मग थेंब. मग उलट्या बाजूनं.

"पुसणारं माणूस आहे, सरकार," मी म्हणालो.

ते पायऱ्यांवरून खाली उतरले. पूजा अंगणात झाली, बंद दाराकडे तोंड करून, आणि त्यांनी स्वतः जोडे काढून नमस्कार केला.

दुपार कलल्यावर मी आणि श्रीपतरावांनी दार उघडलं. पीठ खाली बसलं होतं. जमिनीवर त्याचा अखंड थर, त्यावर पाऊल एकही नाही. वर बघितलं तर सगळ्या तुळया ओल्या.

७

घरी प्रेमलानं ताट उपडं घातलं. मग म्हणाली, "मी ताटाकडे बघत होते. मला हातच दिसला. पण गार होता हो. आणि असा लावला, आई लावते तसा."

तिच्या लुगड्यावर, पोटाशी, अजूनही ओला पंजा उमटलेला होता. मी माझा हात त्याच्या शेजारी धरून पाहिला. बोटं माझ्या बोटांपेक्षा कितीतरी लांब होती. बघता बघता डाग वाळला आणि गेला. मी रडलो. बायकोपुढे रडायला मला कधी लाज वाटली नाही.

मूल सुखरूप झालं. मुलगी. कौशल्या नाव ठेवलं.

पुढच्या खंडेनवमीच्या आधी उदयसिंहरावांनी मला बोलावून विचारलं, या वर्षी पूजा कशी करायची ते तुम्ही सांगा. मी घरी येऊन प्रेमलाला विचारलं. ती म्हणाली, "वर्षभर राबणाऱ्या बाईला तुम्ही कधी काही दिलंत का? फडकं ठेवलं असेल फार तर."

तिनं ओटी भरली. हिरव्या काठाचं नवं लुगडं, खण, नारळ. खंडेनवमीच्या सकाळी आम्ही ते दळणघरात पोत्यावर ठेवलं, शेजारी पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली ठेवली, दिवा नाही, उदबत्ती नाही. दाराला बाहेरून कडी लावली.

दुपारी माणसं वाड्यावर जेवायला गेली. प्रेमलाही गेली. मी कौशल्याला कडेवर घेऊन कचेरीत काचेशी उभा राहिलो. पलीकडे कापड पिळलं जात होतं.

मी मोठ्यानं बोललो. पहिल्यांदाच. "बाई, ही मुलगी तुमच्यामुळे आहे. आम्ही सगळेच तुमच्यामुळे आहोत."

आवाज थांबला.

आतलं माणूस काम थांबवून ऐकत आहे हे कळणं आणि नुसता आवाज येणं, यांत फार फरक आहे, तो मला त्या वेळी कळला. मला काचेतून बघवेना. मी मान खाली घातली आणि उभा राहिलो. काचेवरून ओलं कापड फिरल्याचं ऐकू आलं, वरपासून खालपर्यंत, सावकाश. डोळ्यांच्या कोपऱ्यात हिरवा काठ सरकून गेला.

कौशल्या हसायला लागली. मी तिच्याकडे पाहिलं. ती काचेकडे बघत नव्हती. काचेच्या वर, भिंतीच्या वर, थेट आमच्या कचेरीच्या तुळईकडे तिची मान गेली होती. मग हळूहळू तिची नजर खाली आली, माझ्या डोक्यावरून, खांद्यामागून, जमिनीपर्यंत.

मी वळलो. दळणघरात भरून ठेवलेली आमची बादली कचेरीच्या दारात होती. रिकामी, कडेवरून थेंब गळत असलेली.

मी कौशल्याचे इवलेसे हात जुळवले आणि तिला नमस्कार करायला लावला. मग बादली उचलली आणि पाणी आणायला विहिरीवर गेलो.